लॅपटॉपचा बॅकअप: माड उपटून नेता येत नाही, रोप सांभाळा

सर, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. गोव्यात साखळी गावी तुमच्या घरी सात वर्षांचा लॅपटॉप, त्यात नाटकाच्या संहिता नि देवळाच्या स्मरणिकेच्या फायली श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरात टाईप केलेल्या, नातवंडांचे फोटो, घराच्या कागदांचे स्कॅन, बाईंच्या दुकानाचं टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, आणि आता मुलाने १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणून दिलीय, तर ती लावून अख्खा सी ड्राईव्ह तिच्यावर कॉपी केला की फायली नि सॉफ्टवेअर दोन्हीचा बॅकअप झाला असं धरायचं का.

नाही धरायचं. फायलींचा अर्धामुर्धा होईल, सॉफ्टवेअरचा अजिबात होणार नाही. फोंड्याला रिपेअरिंगचं दुकान घालून मला बावीस वर्षं झाली, त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी सॉफ्टवेअरचं, कारण तिथेच सगळ्यांची गल्लत होते. प्रोग्राम फाईल्समधला फोल्डर उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकला की सॉफ्टवेअर तिकडे चालू होईल असं वाटतं, पण तो प्रकार वाढलेला माड उपटून दुसऱ्याच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, नेऊन लावण्यासारखा आहे. वरचा भाग दिसतो तेवढा नेला, मुळं इथेच राहिली. इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर आपले थोडे तुकडे प्रोग्राम फाईल्समध्ये ठेवतं, थोडे विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात, सेटिंगं अॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, आणि या सगळ्याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, करतं. लायसन्स असेल तर ते कधी त्या मशीनच्या बोर्डाला बांधलेलं असतं, कधी ऑनलाईन खात्याला. म्हणून माड न्यायचा नसतो, रोप सांभाळायचं असतं, म्हणजे सेटपची फाईल, लायसन्सचा नंबर आणि कुठल्या ईमेलवर घेतलं होतं ते. ही तीन रोपं असली की नवीन लॅपटॉपवर एका दुपारी सगळं परत उभं राहतं.

त्यातही सगळ्याच सेटप फायली जपून ठेवायची गरज नाही. क्रोम, व्हीएलसी, लिब्रेऑफिस असल्या गोष्टी कधीही नव्याने उतरवता येतात आणि नवी व्हर्जनच बरी असते, त्यांची नुसती यादी कागदावर लिहून ठेवा. विंडोजमध्ये विनगेट म्हणून एक कमांड आहे, ती एक्सपोर्ट केली की बरीचशी सॉफ्टवेअरं कुठली आहेत त्याची यादी फाईलमध्ये देते आणि नव्या मशीनवर तीच यादी इम्पोर्ट केली की एकामागून एक उतरवून घालते, पण कमांडचा कंटाळा असेल तर सेटिंगमधल्या इन्स्टॉल्ड अॅप्सच्या पानाचे मोबाईलवर चार फोटो काढलेत तरी माझ्यासारख्याचं काम भागतं. जपायचं ते जे आता बाजारात मिळत नाही किंवा ज्याचे पैसे मोजलेत. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणजे त्याला चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, स्कॅनरचा ड्रायव्हर, टॅलीचा सिरियल नंबर, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे श्रीलिपी.

इथे जरा थांबतो कारण गोव्यात हा प्रॉब्लेम मी वरचेवर बघतो. आपल्याकडे भजनी मंडळं, नाट्यमंडळं, देवस्थानं, शाळा यांचं मराठीतलं वीस-पंचवीस वर्षांचं टायपिंग बहुतेक श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएममध्ये झालेलं आहे. ते युनिकोड, म्हणजे आजकाल कुठल्याही मशीनवर दिसणारं मराठी, नाही. म्हणजे फाईलच्या आत खरं तर इंग्रजी अक्षरं नि चिन्हं असतात आणि तो ठराविक फॉन्ट त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. फॉन्ट काढला की चेहरा उतरला. माशेलचे एक गृहस्थ आपल्या वडिलांचे अभंग टाईप करून घेतलेली वर्डची फाईल घेऊन आलेले, फाईल ठणठणीत, बॅकअपही दोन ठिकाणी, आणि उघडली की नुसता डॉलर, कंस नि उलटे स्वल्पविराम. ते रडायच्या बेताला आले होते, म्हणाले व्हायरस लागला. व्हायरस कसला, जुना कॉम्प्युटर भंगारात देताना फॉन्ट त्याच्याबरोबर गेले. नशिबाने फाईलीत फॉन्टचं नाव शिल्लक असतं, त्यावरून शोधून बसवला आणि अभंग परत आले. पण दर वेळी असं नशीब नसतं.

तेव्हा तुम्ही काय करायचं, तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून श्रीलिपीचे जेवढे फॉन्ट आहेत, म्हणजे नावात श्री-देव आणि पुढे आकडे असतात ते, सगळे निवडून एक्स्टर्नल डिस्कवर संहितांच्या शेजारीच एका फोल्डरात ठेवा. लायसन्स तुमचं आहे, तुमच्याच कामासाठी ठेवताय. श्रीलिपीचं ते हार्डवेअर लॉक, पेनड्राईव्हसारखं दिसतं आणि लावल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही ते, त्याला दोरी बांधून नावाची चिठ्ठी लावा, कारण घरात मुलं ते बिघडलेला पेनड्राईव्ह समजून टाकून देतात, हे मी उगाच बोलत नाही. मग प्रत्येक संहिता, प्रत्येक स्मरणिका उघडून तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवला जातो, त्यामुळे पुढे श्रीलिपी असो नसो, वाचता येईल आणि छापताही येईल. फक्त पीडीएफ केल्यावर ती दुसऱ्याच्या मशीनवर, जिथे श्रीलिपी नाही अशा ठिकाणी, एकदा उघडून बघा, कारण तुमच्या मशीनवर ती बरोबर दिसणारच, फॉन्ट तिथे आहेतच की. आणि ज्या संहितांत अजून बदल करायचेत त्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरं नि रफार अधूनमधून बिघडतात, एक वाचन द्यावं लागतं, मास्तर माणसाला ते जमेल.

स्मरणिका जर पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर आणखी घाई करा. पेजमेकरची शेवटची ७ नंबरची व्हर्जन २००१ ची आहे, त्यानंतर अडोबी कंपनीने आपल्याच इनडिझाईन या नव्या सॉफ्टवेअरवर भर दिला, आणि इनडिझाईनची सीएस६ पर्यंतची व्हर्जन पेजमेकर ६ नि ७ च्या फायली उघडायची, पुढच्यांनी तेही बंद केलं. म्हणजे फाईल जिवंत आणि उघडणारा मेला अशी गत. अशा वेळी जुना डेस्कटॉप अजून चालू असेल तर त्याची अख्खी डिस्क डिस्कटूव्हीएचडी नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या फुकट टूलने एका फाईलमध्ये उतरवता येते आणि ती फाईल नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवता येते, म्हणजे नव्या घरात जुनी खोली तशीच्या तशी. थोडं झंझटीचं काम आहे, लायसन्स कधीकधी रुसतं, हार्डवेअर लॉक कधी ओळखलं जातं कधी नाही, पण एका मंडळाची पंधरा वर्षांची पेजमेकरची कामं मी अशी वाचवलीत. तुम्हाला एवढं लागणार नाही बहुतेक, पीडीएफ पुरे.

आता फायलींकडे येऊ. माझी चाळणी सोपी आहे, जे इंटरनेटवरून किंवा दुकानातून परत मिळतं ते सोडून द्या, जे फक्त तुमच्याच घरात आहे ते आधी घ्या. डाऊनलोड केलेले सिनेमे गेले तर गेले. नातवाच्या बारशाचे फोटो, संहिता, टॅलीची वर्षं, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, जुन्या पोर्तुगीज काळातल्या दस्ताचा स्कॅन, हे परत कुठून आणणार. (उतारा सरकारकडून परत काढता येतो हे मान्य, पण तो जुना हाताने लिहिलेला कागद वाळवीने खाल्ला असेल तर स्कॅन हाच कागद.) लोक डेस्कटॉप नि डॉक्युमेंट्स घेतात आणि बाकीचं विसरतात. डाऊनलोड्समध्ये बँकेची स्टेटमेंटं पडलेली असतात. क्रोमचे बुकमार्क नि पासवर्ड अॅपडेटात असतात, ते गुगल खात्याला सिंक केलेत तर काळजी नाही. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवलेली पीएसटी फाईल वेगळी घ्यायची आणि घेताना आउटलुक बंद हवं, नाहीतर कॉपी होत नाही.

टॅलीचं मुद्दाम सांगतो. डिचोलीकडचा एक सिमेंट-खिळ्यांचा दुकानदार, माणूस अगदी शिस्तीचा, तीन वर्षं रोज रात्री शटर ओढायच्या आधी पेनड्राईव्ह लावायचा, डेस्कटॉपवरचं टॅलीचं चित्र धरून पेनड्राईव्हवर ओढायचा, रिप्लेस विचारलं की येस म्हणायचा आणि पेनड्राईव्ह खिशात घालून घरी जायचा. हार्ड डिस्क बसली तेव्हा हसत हसत माझ्याकडे आला, म्हणाला माझ्याकडे कालपर्यंतचा बॅकअप आहे. पेनड्राईव्ह उघडला तर त्यात २ केबीची एकच फाईल, शॉर्टकट. म्हणजे दुकानाच्या पाटीचा फोटो रोज घरी न्यायचा, माल दुकानातच. मी दाखवलं तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही, मग एवढंच, "सगळें गेलें मरे." सीएकडे रिटर्न भरलेले कागद होते त्यावरून काही वर्षं उभी केली, पण चालू वर्ष गेलंच.

तर बाईंना सांगा, टॅलीप्राईममध्ये आल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आहे, कंपनी निवडायची, जागा एक्स्टर्नल डिस्कवर द्यायची, झालं. झाल्यावर त्या फाईलची साईज बघायची सवय लावा, काही एमबी हवी, केबी दिसली तर काहीतरी चुकलंय. आणि बॅकअप चालतो का हे बघायला रिस्टोअर कराल तेव्हा चालू कंपनीच्या फोल्डरात करू नका हां, जुना डेटा नव्यावर बसेल आणि आठवड्याच्या एंट्र्या जातील, वेगळा रिकामा फोल्डर करून त्यात रिस्टोअर करा, उघडून क्लोजिंग बॅलन्स जुळतो का बघा.

घ्यायचा कसा ते आता. विंडोजमध्ये फाईल हिस्ट्री म्हणून सोय आहे, विंडोज ८ पासून आहे, विंडोज ११ मध्ये ती जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये ढकलून ठेवलीय म्हणून लोकांना सापडत नाही. डिस्क लावा, कंट्रोल पॅनल, फाईल हिस्ट्री, टर्न ऑन. डिस्क लावलेली असेल तोवर ती दर तासाला बदललेल्या फायली उचलते आणि जुन्या आवृत्त्या पण ठेवते, हे फार कामाचं. समजा संहितेतला तिसरा अंक चुकून पुसून तुम्ही सेव्ह केलात, तर साध्या कॉपीत पुसलेलीच फाईल जाऊन बसते, फाईल हिस्ट्रीत मागच्या मंगळवारची काढता येते. एक मेख आहे, ती फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असल्या ठरलेल्या जागा घेते, तुमच्या संहिता जर डी ड्राईव्हवर वेगळ्या फोल्डरात असतील तर तो फोल्डर आधी विंडोजच्या लायब्ररी नावाच्या यादीत घालावा लागतो किंवा सरळ डॉक्युमेंट्समध्ये आणून ठेवा. ते जास्त सोपं.

त्याशिवाय मी महिन्यातून एकदा साधी कॉपी पण करतो, तारखेचं नाव दिलेल्या फोल्डरात. अडाणी वाटते ही पद्धत, पण दहा वर्षांनी कुठल्याही मशीनवर, कुठलंही सॉफ्टवेअर न घालता ती उघडते. फ्रीफाईलसिंक हे कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरलंत तर फक्त बदललेल्या फायली जातात नि वेळ वाचतो, मात्र त्यात मिरर नावाचा प्रकार निवडताना डावी-उजवी बाजू दोनदा बघा, कारण मिरर म्हणजे उजवीकडे जे जास्तीचं असेल ते तो पुसतो. बाजू उलटी पडली तर रिकाम्या डिस्कचा आरसा तुमच्या लॅपटॉपवर. मी हे एका गिऱ्हाईकाच्या डेटावर जवळजवळ केलं होतं, शेवटच्या क्षणी आकडा बघून हात मागे घेतला.

वेळ किती लागेल म्हणाल तर डिस्क यूएसबी ३ ची आणि पोर्टही निळा ३ चा असेल तर मोठ्या फायलींना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो, १०० जीबी म्हणजे साधारण पंधरा-वीस मिनिटं. तीच डिस्क जुन्या यूएसबी २ च्या पोर्टात लावलीत तर ३० वर येते, तास जातो. हजारो बारीक फायली असल्या तर दोन्हीकडे रडतं.

अख्ख्या सी ड्राईव्हची इमेज हा तिसरा प्रकार, तुम्ही जे मनात धरलंय त्याच्या सगळ्यात जवळचा. यात डिस्कचा पूर्ण साचा एका फाईलमध्ये उतरतो, विंडोज, सॉफ्टवेअर, रजिस्ट्री, सगळं मुळांसकट, आणि डिस्क मेली तर नवीन डिस्क घालून तोच साचा ओतता येतो. याला कॉपी-पेस्ट चालत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पूर्वी मी सगळ्यांना मॅक्रियमची फुकट आवृत्ती सांगायचो, ती कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला बंद केली. आता वीम कंपनीचं एजंट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, रेस्क्यूझिला आहे, ती पेनड्राईव्हवरून चालते नि बटणं मोठी आहेत. कंट्रोल पॅनलमध्ये बॅकअप अँड रिस्टोअर, कंसात विंडोज ७ असं लिहिलेलं जुनं टूल अजून सापडतं पण मायक्रोसॉफ्टने त्यावरचं काम केव्हाच थांबवलंय, माझा त्याच्यावर भरवसा नाही. हे लक्षात ठेवा की इमेज त्याच लॅपटॉपसाठी बरी, वेगळ्या कंपनीच्या नव्या लॅपटॉपवर ओतली तर ड्रायव्हर नि ऍक्टिव्हेशनची भांडणं सुरू होतात. तुम्ही श्रीलिपी, टॅली, प्रिंटर सगळं नीट चालतंय अशा दिवशी एकदा इमेज घ्या, मग वर्षातून एकदा. रोज लागत नाही.

आणि हो, तुमचा लॅपटॉप विंडोज १० वर असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. ११ वर जायचं असेल तर आधी बॅकअप, मग अपग्रेड. नवीन लॅपटॉप घेतलात तर आणखी एक गोष्ट, ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद होते, आपल्याला कळतही नाही. मग बोर्ड जळला आणि मी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण खातं कोणाच्या नावाचं, तर दुकानातल्या पोराने लॅपटॉप देताना स्वतःच बनवलेलं, पासवर्ड त्यालाही आठवत नाही. अशा डिस्का माझ्याकडे येतात, चांगल्या असतात, आणि मी तशाच परत देतो. आजच लॉगिन करून ती की वहीत लिहून ठेवा.

आता माझी स्वतःची फजिती ऐका, कारण डिस्क कुठे ठेवायची याचं उत्तर त्यात आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, तुम्हाला माहीतच आहे, दुपारपर्यंत कडक ऊन आणि चार वाजता सह्याद्रीकडून काळं करून येतं नि गडगडायला लागतं. मी शहाणपणाने मेन स्विच पाडला, यूपीएसची पिन काढली, आणि दारात उभा राहून पाऊस बघत बसलो. नेटची वायर काढायची राहिली. वीज जवळच कुठेतरी पडली, वायरमधून राऊटरमध्ये, राऊटरमधून माझ्या मशीनच्या लॅन पोर्टात, बोर्ड गेला. आणि बॅकअपची डिस्क मागे यूएसबीला कायम लावलेली असायची, कोण रोज काढणार म्हणून, तिचाही बोर्ड गेला. अकरा गिऱ्हाईकांचा डेटा दोन्हीकडे होता, दोन्ही एका टाळीत. डिस्कच्या बोर्डाचं काम मुंबईला पाठवून करून घेतलं, स्वतःच्या खिशातून, आणि तरी नऊच जणांचं पूर्ण मिळालं. उरलेल्या दोघांपैकी एक अजून माझ्या दुकानासमोरून जाताना दुसरीकडे बघतो.

तेव्हापासून बॅकअपची डिस्क काम झालं की सेफली रिमूव्ह करून काढायची आणि कपाटात, हा माझा नियम. वीज हे एक कारण, दुसरं रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून लोक घालतात, त्याबरोबर स्टॉप-डीजेव्हीयू जातीचा व्हायरस आत येतो, घरगुती कॉम्प्युटरवर मी हाच सगळ्यात जास्त बघितलाय, फायलींना भलतंच शेपूट लावून कुलूप घालतो आणि पैसे मागतो. तो लॅपटॉपपुरता थांबत नाही, जोडलेली प्रत्येक डिस्क, प्रत्येक पेनड्राईव्ह कुलूपबंद करतो. कपाटातल्या डिस्कला मात्र हात लावू शकत नाही, कितीही हुशार असला तरी.

फोटोग्राफर मंडळींत पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन फोटोग्राफरने ३-२-१ चा हिशोब रूढ केला, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर हा भाग आपल्याकडे कोणी करत नाही. २०२१ साल आठवा, मे मध्ये तौक्ते वादळ, कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नाही, आणि जुलैत सत्तरी-डिचोलीत पूर घरात शिरला. लॅपटॉप टेबलावर आणि डिस्क त्याच टेबलाच्या खणात, तर पाण्याला काय दोन्ही सारखेच. तुम्हाला एक सोपी युक्ती सांगतो, माझ्या घरी आम्ही तीच करतो. आणखी एक तशीच डिस्क घ्या. गणेश चवथीला मुलगा घरी येतोच ना, जाताना एक डिस्क त्याच्याबरोबर पाठवा, पुढच्या चवथीला तो ती परत आणेल आणि ताजी घेऊन जाईल. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची सजावट, बांधायच्या यादीतच लिहून ठेवलंत तर विसरणार नाही. बँकेचे कागद वगैरे असतील तर ते फोल्डर सेव्हन-झिपने पासवर्ड घालून बंद करा, डिस्क बसमध्ये राहिली तरी घोर नको.

मधल्या काळासाठी क्लाऊड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण. गुगल १५ जीबी फुकट देतं पण त्यात जीमेल, ड्राईव्ह, फोटो सगळं आलं, आणि आता अँड्रॉईडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात, त्यामुळे तुमचं आधीच भरत आलं असेल. मायक्रोसॉफ्टचं वनड्राईव्ह ५ जीबी. संहिता, टॅलीची बॅकअप फाईल आणि कागदांचे स्कॅन एवढ्यात आरामात मावतात, फोटोंना पैसे भरावे लागतील. पण सिंक म्हणजे बॅकअप असं समजू नका, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, ट्रॅशमध्ये ३० दिवस असतं, त्या आत लक्षात आलं तर ठीक. वनड्राईव्हची आणखी एक खोडी म्हणजे तो डेस्कटॉप नि डॉक्युमेंट्स स्वतःच्या पोटात ओढून घेतो आणि ज्या फायलींसमोर ढगाचं चित्र दिसतं त्या लॅपटॉपवर नसतातच, नुसती नावं असतात. बॅकअप घ्यायच्या आधी त्या फोल्डरवर राईट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाईस करा, सगळ्या उतरेपर्यंत थांबा, मग कॉपी.

डिस्क ठेवायची कशी हेही विचारायला हवं होतं तुम्ही, आपल्या हवेत हा निम्मा प्रश्न आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे डिस्कच्या पिना कशा सुटतील. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या चार पुड्या, डिस्क त्यात. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. महिन्यातून एकदा काढून लावा, फिरू द्या. लावल्यावर टकटक आवाज आला किंवा फोल्डर उघडायला मिनिटं लागली तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट टूल चालवा, वर निळं गुड असेल तर छान, पिवळं कॉशन आलं की त्या डिस्कवरचं सगळं त्याच दिवशी दुसरीकडे. आवाज करणारी डिस्क पुन्हापुन्हा लावून बघायची नाही, प्रत्येक वेळी आत आणखी ओरखडे पडतात. स्वस्तातला २ टीबीचा पेनड्राईव्ह कोणी ऑनलाईन दाखवला तर घेऊ नका, बहुतेक खोटे असतात, आकडा २ टीबी दाखवतात आणि आत ३२ जीबी, पुढचं सगळं हवेत. आणि एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, वर्षानुवर्षं वीज न देता पडून राहिली तर तिच्यातला डेटा हळूहळू विरायला लागतो, गरमीत लवकर, म्हणून खणात ठेवायला साधी फिरणारी हार्ड डिस्कच मला बरी वाटते, फक्त हातातून पाडू नका.

या रविवारी एवढंच करा. फॉन्ट्सचा फोल्डर आणि संहिता आधी, मग फोटो, मग टॅलीचा बॅकअप. झाल्यावर डिस्क काढून शेजाऱ्याच्या किंवा शाळेतल्या कॉम्प्युटरला लावा आणि एक फोटो, एक पीडीएफ, एक जुनी संहिता उघडून बघा. इमेज नि बाकीचं सावकाश, पाऊस सुरू व्हायच्या आधी.

शेवटी तुम्ही त्या ट्रंकेतल्या जुन्या सीडी-डीव्हीडींचं विचारलंय, २००५-०६ मध्ये नाटकांची शूटिंगं भरून ठेवलेल्या. त्यातलं सगळं हार्ड डिस्कवर उतरवा, लवकर. उजेडात धरून बघा, बुरशीच्या पांढऱ्या नक्ष्या दिसल्या तर मऊ सुती कपड्याने, साबणाच्या पातळ पाण्याने, मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही, सुकू द्या आणि मग लावा. एका ड्राईव्हमध्ये वाचली नाही तर दुसऱ्यात वाचते कित्येकदा, माझ्याकडे तीन जुने ड्राईव्ह खास याच कामासाठी ठेवलेत. फोंड्याला आलात की ट्रंक घेऊन या.